भाताचं बी, आपलं रक्त आणि सिकलसेल


लावणी तोंडावर आलीय, म्हणजे आजचा सल्ला खताचा असणार असं वाटलं असेल. आज विषय वेगळा आहे, पण सुरुवात भातापासूनच करू.

कर्जत-३ चं बी आपण घरचं धरतो, चालतं. सह्याद्रीसारख्या संकरित भाताचं धरू नका, असं दरवर्षी सांगतो. कारण असं, की संकरित बियाण्यातल्या आई-वाणाचा पराग वांझ असतो. पराग चांगला करणारा गुण येतो बाप-वाणाकडून. तो एकाच बाजूने आला तरी पुरतो, दाणा भरतो. अशा गुणाला 'प्रभावी' म्हणतात. पण तेच बी घरी धरून पेरलं, की काही रोपांना तो गुण कुठूनच मिळत नाही. लोंब्या पोचट राहतात. दोष आदल्या वर्षीही होताच, फक्त झाकलेला होता.

माणसातही प्रत्येक गुणाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते. मात्र काही वेळा कोणीच कोणाला झाकत नाही, दोन्ही दिसतात. हे 'सहप्रभावी' गुण. एकाकडून ए आणि दुसऱ्याकडून बी आला तर रक्तगट एबी होतो, तसं. आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ऐकू येणारा सिकलसेलही असाच.

नेहमीच्या रक्ताची प्रत ए, सिकलची एस. एए म्हणजे काही नाही. एएस म्हणजे वाहक: रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन सापडतं, पण माणूस सहसा ठणठणीत असतो, औषध लागत नाही. एसएस म्हणजे आजार.

नवरा-बायको दोघंही एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसची, एक एएची. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी हिशोब नव्याने. एक एएस आणि दुसरा एए असेल तर मूल एसएस होत नाही. आणि एसएसला दोन्ही बाजूंची प्रत लागते, तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणं सरळ चूक आहे.

तपासणीत एक गोंधळ होतो. नळीतली पहिली चाचणी फक्त 'एस आहे' एवढंच सांगते, वाहक की आजारी ते नाही. त्यासाठी दुसरी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करतात. पहिल्यावरच घाबरू नका, आणि दुसरी टाळूही नका. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. लग्न ठरवण्याआधी केलेली बरी.

आता लावणीचं. गार पाण्यात तासन् तास उभं राहणं, भिजणं, पाणी कमी पिणं, यामुळे एसएस असलेल्याचे हातपाय, कंबर भयंकर दुखायला लागतात. तो कामचोर नाही. त्याला बांधावरचं कोरडं काम द्या, पाणी पाजत राहा. ताप आला, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखान्यात न्या.

तपासणीचं कार्ड मिळालं तर घरी जपून ठेवा. त्याचा फोटो या ग्रुपवर टाकू नका. शंका असेल तर मला वेगळा मेसेज करा.