एकनिष्ठ ग्राहक सोडून का जातो?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक मोठा हिशेबी असतो. दर्जा घसरला की तो तत्काळ दुसरीकडे वळतो. प्रत्यक्षातील ग्राहक इतका तडकाफडकी वागत नाही. नेहमीच्या वाण्याकडील तांदळात खडे निघाले, तर आपण आधी वाण्याला सांगतो. त्याने मनावर घेतले नाही तर पुन्हा सांगतो आणि मग एके दिवशी काही न बोलता पिशवी घेऊन पलीकडच्या दुकानात जातो. या साध्या व्यवहारामागील तत्त्व स्मार्टफोनच्या उदाहरणाने तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्गमन, तक्रार आणि निष्ठा

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन (१९१५–२०१२) यांनी १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एखादी संस्था बिघडू लागली की तिच्याशी संबंध असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एक निर्गमनाचा, दुसरा तक्रारीचा. निष्ठा निर्गमन लांबणीवर टाकते आणि माणसाला तक्रारीकडे वळवते. या दृष्टीने पाहता, निष्ठा म्हणजे ग्राहकाने संस्थेला सुधारण्यासाठी दिलेली मुदतच होय.

हर्शमन यांनी नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण दिले आहे. रेल्वेचा कारभार ढिला होता. पण मालवाहतुकीला ट्रक उपलब्ध असल्याने, ज्यांनी हाकाटी केली असती तेच व्यापारी रेल्वे सोडून गेले. मागे राहिलेल्यांच्या आवाजात जोर नव्हता. परिणामी रेल्वे सुधारली नाही.

नोकियाचे उदाहरण

आपल्याकडे नोकियावर लोकांचा किती जीव होता, हे सांगावयास नको. २००३ साली आलेला, विजेरी असलेला ‘११००’ हा फोन खेड्यापाड्यांत पोहोचला होता. पुढे स्मार्टफोनच्या शर्यतीत ही कंपनी मागे पडू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०११ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टशी करार करून ‘विंडोज फोन’ ही कार्यप्रणाली स्वीकारली. ‘ल्युमिया’ मालिकेचे फोन त्यातून आले. दिसायला सुबक आणि वापरायला सोपे असे हे फोन अनेकांनी केवळ जुन्या विश्वासावर घेतले.

जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्ती जाहीर केली आणि त्याच वेळी हेही सांगितले, की आधी विकलेल्या फोनांवर ती चालणार नाही. त्यामागे तांत्रिक कारण होते. प्रणालीचा गाभाच बदलला होता. पण एप्रिलमध्ये अमेरिकेत विक्रीस आलेला ‘ल्युमिया ९००’ त्यामुळे दोन महिन्यांत जुना ठरला. सर्वांत आधी विश्वास टाकणाऱ्यांनाच सर्वांत आधी फटका बसला.

दुसरी अडचण ॲप्सची. इन्स्टाग्राम आयफोनवर २०१० साली आणि अँड्रॉइडवर २०१२ साली आले. विंडोज फोनला त्यासाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. वापरणारे थोडे म्हणून ॲप्स थोडी, आणि ॲप्स थोडी म्हणून वापरणारे थोडे, असे हे दुष्टचक्र होते. पुढे मार्च २०१६ मध्ये ‘विंडोज १०’ जुन्या फोनांना देण्यात आली, तेव्हा भारतातही पुष्कळ खपलेला ‘ल्युमिया ५२०’ त्या यादीतून वगळला गेला. २०१९ संपता संपता व्हॉट्सॲपने या फोनांची साथ सोडली आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आधार काढून घेतला.

या इतिहासात फोन वारंवार बिघडत होते असे कोठेच दिसत नाही. ग्राहक कंटाळला तो वस्तूला नव्हे. आपण दिलेल्या मुदतीची समोरच्याला किंमत नाही, हे त्याला उमगले.

मौन म्हणजे संमती नव्हे

वाण्याचे दुकान बदलायला फक्त रस्ता ओलांडावा लागतो. फोनची प्रणाली बदलणे हे बिऱ्हाड हलविण्यासारखे आहे. विकत घेतलेली ॲप्स मागे राहतात, सवयी मोडाव्या लागतात. आयफोन सोडून अँड्रॉइडकडे गेलेल्यांना, जुन्या आयफोनधारक मित्रांनी ‘आयमेसेज’वरून पाठविलेले संदेश मिळेनासे होत, आपला क्रमांक त्या सेवेतून काढून घेण्याची सोपी सोय ॲपलने नोव्हेंबर २०१४ मध्ये केली. व्हॉट्सॲपवरील जुने संभाषण आयफोनवरून अँड्रॉइडवर नेण्याची अधिकृत सोय तर २०२१ साली, तीही आरंभी मोजक्या फोनांपुरती आली.

आपल्या देशात २० जानेवारी २०११ पासून मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क सर्वत्र मिळाला. क्रमांक बरोबर नेता येतो. फोनमध्ये थाटलेला संसार तितक्या सहज नेता येत नाही. म्हणून नाराज ग्राहकही बराच काळ गप्प राहतो. कंपनी त्या मौनाला समाधान समजते, आणि येथेच तिची फसगत होते. निर्गमन कठीण केल्याने ग्राहक थांबतो खरा. परंतु त्याची निष्ठा केव्हाच निघून गेलेली असते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली व्यवहाराची: आपली टिपणे, छायाचित्रे आणि संपर्क कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा स्वरूपात, फोनबाहेरही जतन करून ठेवावेत. निघून जाण्याची सोय असलेल्याचीच तक्रार ऐकली जाते. दुसरी गोष्ट संस्था चालविणाऱ्या सर्वांसाठी आहे. ग्रंथालयात हवे ते पुस्तक नाही म्हणून वारंवार अर्ज करणारा विद्यार्थी त्रासदायक वाटतो. पण तो अजून ग्रंथालयात येतो आहे. ज्याने अर्ज करणे सोडले, त्याची चौकशी आधी करावयास हवी.