यंत्र वाजले म्हणजे नाणे सापडले काय?

पावसाळ्यात समुद्र पुळण खणून नेतो. पुढे आश्विन-कार्तिकात तीच वाळू परत आणून टाकतो. या उलथापालथीत कधी कधी जुनी नाणी उघडी पडतात. वाळू हलकी, ती पाण्याबरोबर धावते. नाणे जड, ते मागे राहते.

कोकणच्या किनाऱ्याला हे नवीन नाही. चौल, दाभोळ, वेंगुर्ले ही एके काळची भरभराटीची बंदरे. अरबस्तानातून, इराणातून आलेली गलबते येथे लागत. चौलास तर पोर्तुगीज लोक १५२१ पासून १७४० पर्यंत ठाण मांडून होते. माल उतरताना होडी कलंडली असेल. कुणाची कमरेची थैली सुटली असेल. अशी किती नाणी पाण्यात गेली, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

अलीकडे काही हौशी माणसे पुळणीवर एक यंत्र घेऊन फिरताना दिसतात. लांब दांडी, तिच्या खालच्या टोकाला ताटाएवढी चकती, आणि कानाला लावायचे कर्णे. चकती वाळूवरून फिरवायची. यंत्र वाजले की खणायचे. याला धातुशोधक यंत्र म्हणतात. मोठ्या देवळाच्या दारात आपण एका चौकटीतून आत जातो. खिशात किल्ल्या असल्या की ती चौकट वाजते. हे यंत्र त्या चौकटीचाच धाकटा भाऊ आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एका तांडेलाने आम्हांला विचारले, "गुरुजी, ह्या यंत्र खोटा बोलता काय?" प्रश्न फार चांगला होता. म्हणून हा धडा लिहिला.

यंत्र खोटे बोलत नाही. पण त्याला जे जे ऐकू येते, ते सगळे नाण्याचे नसते.

ते ऐकते कसे, ते आधी पाहू. चकतीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून वीज अतिशय वेगाने उलटसुलट खेळवतात, सेकंदाला हजारो वेळा. त्यामुळे चकतीभोवती चुंबकाची शक्ती पसरते. ही शक्ती दिसत नाही, पण ती वाळूत शिरते. वाळूत धातूचा तुकडा असला, तर त्याच्या अंगात बारीकशी वीज फिरू लागते. त्या विजेची चाहूल चकतीतले दुसरे वेटोळे घेते, आणि यंत्र वाजते. विहिरीत हाक मारावी आणि आतून साद यावी, तसेच हे. मायकेल फॅरडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने विजेचा व चुंबकाचा हा संबंध १८३१ साली दाखवला. फॅरडे लोहाराचा मुलगा. त्याचे शाळेतले शिक्षण अगदी थोडे. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला होता आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला.

आता अडचण पाहा. ती साद इतकी बारीक असते की शेजारच्या गलबल्यात ती हरवते. दुसरे वेटोळे म्हणजे नुसता कान. आलेला आवाज नाण्याचा की विजेच्या तारेचा, हे कानाला आपोआप कळत नाही. शेजारी पंप सुरू झाला की रेडिओत खरखर येते ना? येथेही तसेच होते. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा ये-जा करते. यंत्राच्या मानाने हा वेग फार थोडा. पण पंप, दिव्यांचे स्वस्त चोक, चार्जर, इन्व्हर्टर, ही मंडळी त्या विजेवर चालताना फार वेगाची खरखर बाहेर टाकतात. किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट होते. खांबावर तारा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवलेल्या असतात. खाऱ्या वाऱ्याने त्यांवर मिठाचा थर बसतो. दमट हवेत त्या थरावरून बारीक ठिणग्या उडतात. माणसाला त्याची 'चर्र' जेमतेम ऐकू येते. यंत्राचे कान मात्र किटतात.

हे सगळे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमचा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीला असतो. तो सुटीवर येताना असे एक यंत्र घेऊन आला. ग्रामपंचायतीला व पोलीस ठाण्याला सांगून आम्ही वर्गातली आठ-दहा माणसे सुकतीच्या वेळी पुळणीवर गेलो. प्रथम थांबलो ते मासळीच्या बर्फाच्या कारखान्यामागे. चकती खाली नेताच यंत्राने एकच गिल्ला केला. "खजिनो! खजिनो!" म्हणून पोरे नाचू लागली.

आम्ही म्हटले, थांबा. चकती कमरेइतकी वर उचला आणि हात हलवू नका.

यंत्र तसेच ओरडत राहिले. आता नाणे काही हवेत उडत नाही! खाली धातू असता, तर चकती वर नेल्यावर आवाज गेला असता. म्हणजे हा आवाज वाळूतला नव्हेच. तो कारखान्याच्या मोटरांचा आणि डोक्यावरच्या तारांचा होता. चकती उभी धरली, आडवी धरली, की आवाज कमी-जास्त होई. तीही एक खूण आहे.

मग खाडीच्या तोंडाकडे चार-पाचशे पावले चालून गेलो. तेथे खांब नाहीत. यंत्र एकदम शहाण्यासारखे गप्प झाले. कोरड्या वाळूवर मुकाट्याने चालले. पण लाट जेथून परत फिरते, त्या ओल्या वाळूवर गेलो तर पुन्हा कुरकुर सुरू. पुन्हा चकती उचलली. या वेळी आवाज बंद झाला. खाली ठेवली, पुन्हा सुरू. हा आवाज मिठाचा. खारट ओल्या वाळूतूनही वीज थोडीशी वाहते, आणि यंत्राला वाटते की खाली धातू आहे. काळ्या वाळूनेही यंत्र असेच फसते. रत्नागिरीच्या बाजूला अशी काळी वाळू पुष्कळ आहे. तिच्यात लोहाचे जड कण असतात.

तेव्हा चकती उचलून पाहणे हीच मुख्य परीक्षा. उचलल्यावरही ओरडते, तर दोष हवेतला. उचलल्यावर गप्प होते, पण खाली जिकडे न्यावी तिकडे कुरकुरते, तर दोष मिठाचा किंवा काळ्या वाळूचा. आणि एका टिचभर जागेवरच वाजते, डावीकडून नेली तरी तेथेच आणि उजवीकडून नेली तरी तेथेच, तर मात्र खाली काही तरी आहे.

खरखर फार असली, तर यंत्राचा कान थोडा बंद करावा. त्यासाठी एक बटण असते. पुष्कळांना ते पुरते चढवून ठेवण्याची खोड असते. जास्त ऐकू आले म्हणजे जास्त सापडेल, असे त्यांना वाटते. बाजारात ओरडणाऱ्या दहा माणसांत उभे राहून कान टवकारले, तर दहांचाही गोंधळ वाढतो, दुसरे काही होत नाही. बटण उतरवले की खोलवरचे नाणे सुटेल हे खरे, पण वीतभर खोलीवरचे नीट कळेल. काही यंत्रांत विजेचा वेग बदलता येतो, तोही बदलून पाहावा. खिशातला मोबाइल फोन लांब ठेवावा. आमच्या त्या पोरांनी शेवटी सगळ्यांत सोपा उपाय शोधला. गावात लोडशेडिंग झाले की कारखान्यामागे जायचे! कारखान्याचे जनित्र मात्र तेव्हा सुरू नसले पाहिजे. वीज गेल्याचा आनंद झालेली माणसे आम्ही तेवढीच पाहिली.

ढग गडगडू लागले तर यंत्र कडकड वाजते. तेव्हा बटणाशी खेळत बसू नये. उघड्या पुळणीवर विजेच्या वेळी थांबणे जिवावरचे असते. घर गाठावे.

असली फसगत थोरांचीही झाली आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात कोठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याने असलेच एक यंत्र करून आणले. ते अध्यक्षांच्या अंगावरून फिरवले, तर खात्रीची जागा काही कळेना. पुढे बेलला समजले की, त्यांच्या गादीखाली पोलादी तारांची दुसरी गादी होती! सप्टेंबरात अध्यक्ष वारले.

त्या दिवशी आम्हांला सापडले काय? सोड्याच्या बाटल्यांची नऊ बुचे, जाळ्याच्या शिशाच्या चार गोळ्या, एक गंजका खिळा, आणि एक भोकाचा पैसा, १९४४ सालचा. तीन तासांची ही कमाई. ज्यांना यातून श्रीमंत व्हायचे आहे, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता भामट्यांविषयी. कुणी पाहुणा यंत्र घेऊन येतो. परड्यात विजेच्या तारेखाली, नाही तर पंपाजवळ उभा राहतो. यंत्र किंचाळते. "तुमच्या जागेत धन आहे, काढायला इतके पैसे लागतील, अमुक पूजा लागेल," असे सांगतो. त्याला एकच म्हणावे, "चकती वर उचला पाहू." बहुधा तो लगेच चहा पिऊन वाटेला लागेल. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दुसरा भामटा 'तांदूळ ओढणारे' नाणे विकतो. त्यावर रामपंचायतन असते आणि १८१८ साल व ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असते. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. तांदूळ कुठल्याही नाण्याकडे ओढला जात नाही. या नाण्यापायी कित्येकांनी लाखो रुपये घालवले आहेत.

मग खरे जुने नाणे कसे असते? शिवराई तांब्याची. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. ही अक्षरे देवनागरी आहेत. म्हणजे आता तुम्ही ती स्वतः वाचू शकता. खाऱ्या पाण्यात तांबे हिरवे पडते, चांदी काळी पडते, सोने तसेच राहते. आजचा पोलादी रुपया चुंबकाला चिकटतो. तांब्याचे, चांदीचे नाणे चिकटत नाही.

एक नाणे मात्र असे आहे की, ते हाती आले तरी माणूस फेकून देईल. त्याचे नाव लारी. चांदीची जाड तार मधोमध दुमडलेली, बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखी, आणि तिच्यावर ठोकलेली थोडी फारसी-अरबी अक्षरे. इराणातल्या लार शहरावरून हे नाव पडले. सोळाव्या-सतराव्या शतकांत आपल्या किनाऱ्यावर ती सर्रास चाले. विजापूरच्या अली आदिलशहानेही, म्हणजे दुसऱ्या अलीने, अशा लाऱ्या पाडल्या. घोडा, खजूर, मिरी यांचे व्यवहार या वाकड्या तारेवर होत. जाळ्यात अशी काळी तार आली तर गळ समजून टाकू नका. सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका. तो वजनाचे पैसे देईल आणि मुशीत घालील. मग त्या तारेवरची अक्षरे पुन्हा कुणाला वाचता येणार नाहीत.

नाणे चिंचेने, राखेने घासू नये. घासले की अक्षरे झिजतात. गोड्या पाण्यात हलकेच धुवावे, सावलीत वाळवावे आणि कागदात गुंडाळून ठेवावे. कागदावर दिवस व जागा लिहावी. कोठे सापडले ते लिहिले नाही, तर नाण्याची निम्मी गोष्ट गेली.

खणावे कोठे, यालाही बंधने आहेत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, अलिबागचा कुलाबा असे किल्ले सरकारने संरक्षित केले आहेत. तेथे आणि त्यांच्या आसपास परवानगीवाचून खणता येत नाही. वेळाससारख्या गावी थंडीत कासवे पुळणीवर अंडी घालतात. त्या दिवसांत तेथे फावडे नेऊ नये.

मातीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. काय सापडले, कोठे, कोणत्या दिवशी, एवढे लिहायचे, आणि धन सरकारी कोषागारात ठेवायचे. मूळ धनी निघाला नाही, आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा व पाव हिस्सा मालकाचा. सरकारला ते धन हवे असल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. लपवले तर हिस्सा जातो, आणि वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. "सरकारला कळवले की सगळे गेले," असे गावात म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. पोच मात्र मागून घ्यावी.

अर्ज असा लिहावा :

मा. जिल्हाधिकारी साहेब यांस,

अर्ज करतो की, दिनांक ...... रोजी सकाळी मौजे ...... येथील पुळणीवर, खाडीच्या तोंडापासून उत्तरेस सुमारे ...... पावलांवर, हातभर खोल वाळूत मला तांब्याची ...... नाणी व चांदीच्या दुमडलेल्या ...... तारा सापडल्या. त्या पंचांसमक्ष मोजल्या आहेत. काही घासलेले किंवा वितळवलेले नाही. सर्व वस्तू तालुक्याच्या उपकोषागारात जमा करण्यास मी तयार आहे. कृपा करून पोच मिळावी.

आपला नम्र,

(येथे सही करावी. अंगठा नको.)