नळ का गोठतो, नळ का फुटतो?

[ज्या प्रदेशात कडाक्याची थंडी पडते, तेथे हिवाळ्यात घरातले नळ गोठतात आणि कधी कधी पाइपही फुटतात. असे का होते, ते टाळण्यासाठी काय करतात आणि नळ गोठलाच तर कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, नळाला पाणी आले नाही, तर आपण काय म्हणतो? ‘आज पाणी सुटले नाही,’ किंवा ‘टाकी रिकामी झाली असेल.’ पण टाकी भरलेली आहे, पाइपातही पाणी आहे आणि तरी नळातून एक थेंब पडत नाही, असे तुम्ही कधी पाहिले आहे का? काश्मीरमध्ये हिवाळ्यात असे अनेकदा घडते. पहाटे कोणी वुजूसाठी उठतो. नळ फिरवतो. पाणी येत नाही. रात्रीच्या थंडीने पाइपातल्या पाण्याचा बर्फ झालेला असतो.

श्रीनगर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील रात्रीचे तापमान शून्य अंशाच्या खाली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये ते शून्याखाली ८.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. काश्मीरचे लोक या थंडीचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून पहिले चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, त्यानंतरचे वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. ‘चिल्ला’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. ‘कलां’ म्हणजे थोरला आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. ‘खुर्द’ हा शब्द मराठीलाही परका नाही. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द अशी दोन गावे आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले गाव आणि खुर्द म्हणजे धाकटे गाव. हे शब्द फारसीतून मराठीत आले. एकच शब्द काश्मीरमध्ये थंडीला लावला जातो आणि महाराष्ट्रात गावाला!

चिल्लई कलांमध्ये नळ गोठण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. आता त्याचे कारण पाहू.

बहुतेक पदार्थ थंड झाले, की आकुंचन पावतात. पाणीही ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकुंचन पावते. पण त्याहून अधिक थंड झाले, की ते प्रसरण पावू लागते आणि त्याचा बर्फ झाला, की त्याचे आकारमान एकदम वाढते. १०० लिटर पाणी गोठले, तर सुमारे १०९ लिटर जागा व्यापणारा बर्फ तयार होतो. तुम्ही हा प्रयोग घरी करू शकता. प्लॅस्टिकची बाटली अर्ध्याहून थोडी अधिक भरा. पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा आणि झाकण सैल ठेवून बाटली फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी बर्फ खुणेच्या वर चढलेला दिसेल. या प्रयोगासाठी काचेची बाटली मात्र घेऊ नका. ती फुटेल.

बाटलीत बर्फाला वर चढायला जागा असते. पाइपात ती नसते. पाइपात एके ठिकाणी बर्फ धरला, की त्याचा बुचासारखा अडथळा तयार होतो. बर्फ वाढत जातो आणि पुढच्या पाण्याला नळाकडे ढकलतो. नळ तर घट्ट बंद असतो. मग बर्फ आणि नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याने जावे कोठे? त्याचा दाब वाढत जातो आणि शेवटी पाइप एखाद्या जोडाजवळ किंवा कमकुवत जागी फुटतो.

पाइप फुटला, तरी ते लगेच कळत नाही. कारण बर्फाच्या बुचाने पाणी अडवून धरलेले असते. दुपारी ऊन पडते, बर्फ वितळतो आणि मग भेगेतून पाणी उसळते. त्या वेळी घरात कोणी नसेल, तर भिंती भिजतात, धान्य, पुस्तके आणि अंथरूणपांघरूण यांची नासाडी होते. पाणी विजेच्या बटणांपर्यंत पोहोचले, तर जीवालाही धोका होतो.

मग हे टाळावे कसे? त्याचे चार सोपे उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे पाइपाला पांघरूण घालणे. जमिनीत खोल पुरलेल्या पाइपापर्यंत थंडी सहसा पोहोचत नाही. धोका असतो तो उघड्या पाइपाला. घराबाहेरचा नळ, छपरावरचा पाइप आणि ऊन न लागणारी उत्तरेकडची भिंत येथे पाणी आधी गोठते. म्हणून हिवाळ्यापूर्वीच अशा पाइपांभोवती गोणपाट, लोकरीच्या चिंध्या किंवा फोम गुंडाळतात. त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतात. कारण गोणपाट ओले झाले, तर ते थंडी अडवू शकत नाही. पांघरूण पाइपाला ऊब देत नाही. ते आतली ऊब फक्त लवकर बाहेर जाऊ देत नाही.

दुसरा उपाय म्हणजे रात्री पाइप रिकामा करणे. पाइपात पाणीच नसेल, तर गोठणार काय? घरात पाणी जेथून येते, तेथे एक चावी असते. तिला मुख्य कॉक म्हणतात. झोपण्यापूर्वी हा कॉक बंद करतात आणि घरातला सर्वांत खालचा नळ उघडतात. वरचे नळही उघडतात, म्हणजे त्यांतून हवा आत जाते आणि पाणी सहज उतरते. हे पाणी बादल्यांत भरून ठेवतात. ते सकाळी उपयोगी पडते. सकाळी आधी सर्व नळ बंद करतात आणि मगच मुख्य कॉक उघडतात.

तिसरा उपाय म्हणजे पाणी वाहते ठेवणे. पाइप रिकामा करणे शक्य नसेल, तर रात्री एक नळ अगदी थोडा उघडा ठेवतात. दोऱ्यासारखी बारीक धार पडत राहते. वाहते पाणी लवकर गोठत नाही. शिवाय नळ उघडा असल्यामुळे पाइपातला दाबही वाढत नाही. धारेखाली बादली ठेवली, म्हणजे पाणी वाया जात नाही.

चौथा उपाय म्हणजे पाणी आधीच साठवणे. पिण्याचे, वुजूचे आणि स्वयंपाकाचे पाणी घरात भरून ठेवले, तर सकाळी अडचण होत नाही. काश्मीरमधील अनेक मशिदींत हमाम असतो. तेथे लाकडे जाळून दगडी फरशी आणि पाणी तापवतात. घरचे नळ गोठले, की लोकांना या गरम पाण्याचा मोठा आधार मिळतो.

एवढे करूनही नळ गोठला, तर घाई करू नये. सर्वांत आधी नळ उघडा ठेवावा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. मग पाइपाभोवती जुने फडके गुंडाळून त्यावर कोमट पाणी थोडे थोडे ओतावे. सुरुवात नळाच्या बाजूने करावी आणि हळूहळू मागे सरकावे. मध्येच ऊब दिली, तर वितळलेले पाणी दोन्ही बाजूंच्या बर्फात अडकते. उकळते पाणी एकदम ओतू नये. त्याने पाइप तडकू शकतो.

काही लोक पाइपाखाली कागद पेटवतात किंवा स्टोव्ह धरतात. असे कधीही करू नये. प्लॅस्टिकचा पाइप वितळतो. लोखंडी पाइपात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली, तर तो जोराने फुटू शकतो. काश्मीरमध्ये घरांच्या बांधकामात लाकूड पुष्कळ वापरतात. नळ सोडवण्यासाठी लावलेली आग घरच जाळू शकते! नळ उशिरा सुरू झाला, तर थोडी गैरसोय होते. पण जळलेले घर एका दिवसात उभे राहत नाही.

नळ गोठलेला असताना विजेचा गीझरही लावू नये. आत पाणी नसेल, तर गीझर जळतो. वाटा बर्फाने बंद झालेल्या असतील, तर आतला दाब वाढतो. आणि पाइप फुटलाच, तर प्रथम मुख्य कॉक बंद करावा. ओल्या हातांनी विजेच्या बटणांना स्पर्श करू नये. घरातील मोठ्या माणसांना लगेच सांगावे.

तुम्ही म्हणाल, ‘महाराष्ट्रात नळ गोठत नाहीत, मग आम्ही हे का शिकावे?’ पाइप केवळ थंडीने फुटत नाहीत. ते गंजतात, त्यांचे जोड सैल होतात, त्यांना धक्का लागतो. अशा वेळी पाणी थांबवायचे, तर मुख्य कॉक कोठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. अनेक घरांत तो वर्षानुवर्षे कोणी फिरवत नाही. मग तो गंजून घट्ट बसतो आणि नेमक्या वेळी फिरत नाही.

दुसरी गोष्ट थेंबांची. श्रीनगरमध्ये थंडीच्या रात्री नळाची धार मुद्दाम चालू ठेवतात. आपल्याकडे गळणारा नळ म्हणजे केवळ नुकसान. सेकंदाला एक थेंब पडला, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. २० थेंबांचे १ मिलिलिटर धरले, तर एका दिवसात ४ लिटरहून अधिक पाणी जाते. पुष्कळदा हे पाणी थांबवायला एक लहानसा वॉशर पुरेसा असतो.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेल्यावर मुख्य कॉक शोधा. घरातील मोठ्या माणसांना तो एकदा फिरवून पाहायला सांगा आणि तो कोठे आहे, हे तुमच्या लहान भावंडांनाही दाखवून ठेवा.

शब्दार्थ
कडाक्याची थंडी – फार जोराची थंडी
आकुंचन पावणे – लहान होणे, सुकडणे
प्रसरण पावणे – मोठे होणे, फैलणे
आकारमान – एखाद्या वस्तूने व्यापलेली जागा
बूच – बाटलीच्या तोंडाला लावतात ते झाकण
नासाडी – नुकसान, खराबी
गोणपाट – तागाच्या पोत्याचे जाड कापड
कोमट – थोडेसे गरम

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिल्लई कलां किती दिवसांचा असतो?
(आ) १०० लिटर पाणी गोठल्यावर बर्फ सुमारे किती जागा व्यापतो?
(इ) गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद का बांधतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पाइप फुटला, तरी ते लगेच कळत नाही.
(आ) गोठलेला पाइप नळाच्या बाजूने तापवावा.
(इ) पाइपाखाली आग पेटवू नये.

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
थोरला × ........ रिकामा × ........ आकुंचन × ........ सैल × ........

प्र. ४. पाठातील जे शब्द उर्दूतही वापरले जातात, असे पाच शब्द शोधून लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शाळेतील गळणाऱ्या नळाखाली एक तास भांडे ठेवा. जमलेले पाणी मोजा आणि एका दिवसात किती पाणी वाया जाते, याचा हिशेब वर्गात सांगा.