एक कृती, अनेक ग्रंथ : ‘ख्रिस्तपुराणा’च्या आवृत्त्या आणि ग्रंथओळखीचे प्रमाण क्रमांक

साहित्यकृतीचा अभ्यास हा प्रत्यक्षात तिच्या कोणत्या तरी एका पाठाचा अभ्यास असतो. मराठीत ही जाणीव जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली ती पाठभेदांमुळेच. पुढे मुद्रणाने प्रतींची संख्या वाढवली आणि ‘कोणती प्रत?’ या प्रश्नाला ‘कोणती आवृत्ती?’ या प्रश्नाची जोड मिळाली. एकाच कृतीची भिन्न रूपे परस्परांशी कशी जोडावीत, आणि आज रूढ असलेले प्रमाण क्रमांक त्या कामी कितपत उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आधारे केला आहे.

१. आवृत्त्यांची परंपरा

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघाले. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्या कृतीला मराठी मुद्रणाच्या इतिहासात आरंभस्थान दिले जाते, तिची मूळ मुद्रित संहिताच हाती नाही. जे हाती आहे ते उत्तरकालीन आहे. जे. एल. साल्ढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेली रोमन लिपीतील आवृत्ती १९०७ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झाली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली. कारिदाद द्रागो यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९९६ साली मुंबईत, तर नेल्सन फलकाव यांचे अर्वाचीन मराठी गद्य रूपांतर २००९ साली बंगळूर येथे प्रकाशित झाले. त्यांचाच इंग्रजी अनुवाद २०१२ चा आहे.

या मालिकेत आणखी एका साधनाची भर घालावी लागते. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील मार्सडेन संग्रहात या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात त्याकडे लक्ष वेधले आणि हाच मूळ पाठ असावा, असे मत मांडले; ते सर्वमान्य झाले नाही. रोमन पाठात जेथे पोर्तुगीज धर्मसंज्ञा येतात, तेथे या हस्तलिखितात पुष्कळदा संस्कृतोद्भव शब्द योजलेले आहेत. त्यामुळे स्टीफन्स यांच्या मराठीवरील पोर्तुगीज प्रभावाची चर्चा करणाऱ्या दोन अभ्यासकांपैकी एकाने १९०७ ची आवृत्ती घेतली आणि दुसऱ्याने मार्सडेन पाठ घेतला, तर दोघांचे निष्कर्ष भिन्न येतील. दोघांच्याही टीपेत मात्र ‘ख्रिस्तपुराण’ एवढेच नाव असेल. आवृत्तीची ओळख हा प्रश्न अशा रीतीने थेट संशोधनाच्या सत्यतेशी येऊन भिडतो.

२. क्रमांक कशाचा असतो?

पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, १९७० साली प्रमाणित झाला. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरणामार्फत दिला जातो. हा क्रमांक कृतीला मिळत नाही. तो विशिष्ट प्रकाशकाच्या विशिष्ट आवृत्तीला, तिच्या विशिष्ट बांधणीला किंवा रूपाला मिळतो. एकाच कादंबरीच्या कापडी व कागदी बांधणीला वेगळे क्रमांक असतात. आरंभी दहा अंकी असलेला हा क्रमांक १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. जुन्या क्रमांकामागे ९७८ जोडून शेवटचा पडताळा अंक नव्याने काढावा लागतो. हे ध्यानात न घेतल्यास एकाच पुस्तकाच्या सूचीत दोन नोंदी होतात. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १९०७ आणि १९५६ च्या आवृत्त्या तर या व्यवस्थेच्या पूर्वीच्या आहेत; केवळ या क्रमांकावर विसंबणाऱ्या शोधात त्या सापडणारच नाहीत.

ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ साली मांडलेली चौकट येथे मार्गदर्शक ठरते. तीत चार स्तर कल्पिले आहेत : कृती, तिचे पाठरूप, त्या पाठरूपाचे प्रकाशित रूप, आणि हातातील प्रत. स्टीफन्स यांचे पुराण ही कृती. रोमन पाठ, मार्सडेन पाठ, गद्य रूपांतर आणि इंग्रजी अनुवाद ही पाठरूपे. मंगळूर, पुणे, मुंबई, बंगळूर येथील ग्रंथ ही प्रकाशित रूपे. आयएसबीएन तिसऱ्या स्तरावर काम करतो. पहिल्या स्तरासाठी, म्हणजे कृतीसाठी, २००९ साली आयएसटीसी हा सोळा स्थानांचा प्रमाण संकेत काढण्यात आला. पण प्रकाशनव्यवहारात तो रुजला नाही आणि पुढे मागे घेण्यात आला. नियतकालिकांच्या बाबतीत मात्र मुद्रित व संगणकीय रूपांना एकत्र बांधणारा जोड-क्रमांक प्रचारात आहे. पुस्तकांसाठी ही जोडणी सूचीकारालाच करावी लागते.

३. वसईच्या संदर्भात

१५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अंमलाखाली असलेल्या वसईत ख्रिस्ती मराठी लेखनाची परंपरा आजही जिवंत आहे. ‘सुवार्ता’ मासिक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) ही तिची ठळक उदाहरणे होत. या साहित्याची सूची करताना वरील अडचणी वेगळ्या रूपात समोर येतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे वसईत छापलेल्या एकाच पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर ‘जि. ठाणे’ आणि नंतरच्या आवृत्तीवर ‘जि. पालघर’ असू शकते. प्रकाशनस्थळावरून आवृत्ती जोडणारा तेथे फसतो. ग्रंथनामाचे तेच. ‘क्रिस्त’ आणि ‘ख्रिस्त’ या लेखनभेदाने अकारविल्हे सूचीत एकच कृती दोन अक्षरांखाली विभागली जाते. लेखकनामही स्टीफन्स, स्टीव्हन्स, इस्तेव्हांव अशा रूपांनी येते. व्यक्तिनामांसाठीचा आयएसएनआय हा सोळा अंकी क्रमांक अशी नामरूपे एकत्र आणू शकतो. पण त्यासाठी ती सारी रूपे आधी नोंदलेली असावी लागतात.

या विवेचनावरून एक व्यावहारिक दंडक सुचतो. प्रबंधात अशा कृतीचा निर्देश करताना तीन गोष्टी एकत्र द्याव्यात : कृतीचे एक निश्चित केलेले नाव, आधारभूत पाठ व त्याची लिपी, आणि संपादक, स्थळ, वर्ष यांसह आवृत्ती, क्रमांक असल्यास तोही. ओवीक्रमांक याच आवृत्तीच्या संदर्भात द्यावा. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या नोंदीत ‘अमुक आवृत्तीचे लिप्यंतर’, ‘अमुक पाठाचा अनुवाद’ असा संबंध शब्दांत लिहावा. क्रमांक ग्रंथ शोधून देतो. दोन ग्रंथांमधील नाते तो सांगत नाही. ते ठरवण्यासाठी दोन्ही पाठ समोर ठेवून वाचावे लागतात, आणि हे काम सूचीकाराइतकेच साहित्याच्या अभ्यासकाचे आहे.