वैद्याचे कायक

बाराव्या शतकातील शरणांत वैद्य संगण्णा होऊन गेले. औषधोपचार हे त्यांचे कायक. वचनांतही त्यांनी वैद्यकाची परिभाषा योजली. कायक पवित्र खरे. पण रोग्याला तुच्छ लेखून केलेले कायक लिंगार्पित होईल काय?

सौंसरजवळील जामसांवलीस निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास मनोरुग्णांना घेऊन कितीतरी कुटुंबे येतात. त्यांना अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. पण दवाखान्याची पायरी चढण्यास ती का कचरतात? एक तर 'वेडा' हा शिक्का बसण्याचे भय. घरातील मुलीचे लग्न अडेल ही चिंता. दुसरे, कित्येकदा मिळणारी वागणूक. रोग्याला वगळून सोबत्याशीच बोलणे. पोट दुखते म्हटले तरी 'हे डोक्याचेच' म्हणून न तपासणे. अशाने खरा आजार लपतो. अपमानित रोगी पुन्हा येत नाही, औषध मध्येच सुटते, आजार उलटतो. आणि लोक म्हणतात, 'औषधाने गुणच येत नाही!'

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने, सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क दिला. कायदा दार उघडतो. आत 'या, बसा' म्हणायला माणूसच लागतो.

म्हणून सद्भक्तहो, दर्शन अवश्य घ्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. आणि आपणांपैकी जे डॉक्टर, परिचारिका किंवा चिठ्ठी लिहिणारे असतील, त्यांनी रोग्याला त्याच्या नावाने हाक मारावी, त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे. हीच जंगमसेवा.