गेवराईतून दिसलेलं जग

बी.ए.ला इतिहास घेतला की ‘आधुनिक जगाचा इतिहास’ हा पेपर येतोच, आणि आमच्या बीड जिल्ह्यातली पोरं त्याचा धसका घेतात. नावं परकी, सनावळ्या लांबलचक. त्यात दसरा-दिवाळीनंतर वर्गातली काही पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. मला या पेपराने खूप दिलं. मागून येणाऱ्यांसाठी त्यातलं काही सांगतो.

१. जगातल्या सालासमोर आपल्याकडचं साल लिहा. १० फेब्रुवारी १७६३ ला पॅरिसचा तह झाला, सप्तवार्षिक युद्ध संपलं, कॅनडा इंग्रजांना मिळाला आणि हिंदुस्थानातलं फ्रेंचांचं बळ ओसरलं. त्याच वर्षी १० ऑगस्टला आमच्या तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. शनीच्या दर्शनाला ज्या गावी लहानपणापासून जातो, ते पॅरिसच्या शेजारी वहीत आलं की साल पाठ करावं लागत नाही.

२. सीताफळ, मिरची, भुईमूग. १४९२ नंतर अमेरिकेतून जहाजांनी जगभर पोहोचलेली ही पिकं. धारूरच्या डोंगरातलं, बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं सीताफळही मुळात तिकडचंच. कोलंबसावरचं उत्तर मी या तीन नावांपासूनच सुरू केलं.

३. साखरेचं प्रकरण सावकाश वाचा. कॅरिबियन समुद्रातली सेंट डोमिंग ही फ्रेंच वसाहत म्हणजे आजचं हैती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख गुलाम राबत होते, मुख्यतः ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत. १७९१ मध्ये ते उठले. तुसाँ लूव्हेर्त्यूरसारखा सेनानी त्यांच्यातूनच घडला आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला. आम्ही वापरायचो त्या गाइडात फ्रेंच राज्यक्रांतीला पानंच्या पानं होती, हैतीला दोन ओळी. आणि खरी गोष्ट तर त्यापुढे आहे. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका धाडून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, गेलेल्या मळ्यांची आणि सुटलेल्या माणसांचीसुद्धा! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवायला काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालली.

हे वाचताना मला उचल आठवली. हंगामाआधी कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून घेतलेली रक्कम. फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. ऊसतोड म्हणजे गुलामी नव्हे. दोन्ही एकच म्हटलं तर हैतीच्या माणसांनी सोसलेलं हलकं होतं. पण कर्ज माणसाला कसं बांधून ठेवतं, हे कोपीत वाढलेल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. त्याला वर्गात बोलू द्या. फडावरून परतलेल्या आमच्या एका वर्गमैत्रिणीने उचलीचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला, तेव्हा सरांनी अभ्यासक्रमात नसतानाही हैतीवर आणखी एक तास घेतला. तीन वर्षांतला तोच तास मला सर्वांत जास्त आठवतो.

४. नकाशा जवळ ठेवा. नाव अडलं तर मराठी विश्वकोश उघडा.

५. वसाहती स्वतंत्र झाल्याचं प्रकरण घरातून सुरू करा. आपला जिल्हा १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला नाही. तो हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थांनी याच जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या शाळेत शिकवलं आणि पुढे निजामाविरुद्धचा लढा चालवला. निजाम सरकारने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला. १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये त्यावर बैठक झाली, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या भीतीने गाव सोडून रानात राहिल्याचं सांगणारी म्हातारी माणसं आता फार थोडी उरलीत. ती आहेत तोवर वही घेऊन त्यांच्यापाशी बसा, आणि गावाचं, माणसाचं नाव नीट लिहून घ्या.