नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचा फरक आहे. स्नानसंस्काराच्या वेळी आईवडील लेकराचे नाव ठेवतात; पुढे गल्ली आणि शाळा मिळून त्याला नावे ठेवतात. काळ्या, लंगड्या, हेकण्या, बुटक्या. पुष्कळदा नोंदवहीतले नाव मागे पडते आणि हेच जन्मभर चिकटते.

सगळीच ओबडधोबड नावे दुष्टाव्याने ठेवलेली नसतात, हेही खरे. दगडू, धोंडिबा, केरबा ही नावे आपल्या मराठवाड्यात जुन्या पिढीत कितीतरी सापडतील. आधीची लेकरे दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम दगडाचे किंवा केराचे नाव ठेवीत. त्यामागे धास्ती होती आणि मायाही. प्रभू येशूनेही शिमोनाला 'केफा' म्हणजे खडक असे नाव दिले. आपल्याकडे तो धोंडिबाच झाला असता! पण 'नकुशी' हे नाव वेगळे. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला ते ठेवीत, आणि तिला शाळेच्या हजेरीत ते रोज ऐकावे लागे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. काहींनी आपले नाव स्वतःच निवडले.

वस्त्यांचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली तरी लोकांच्या तोंडातले नाव लवकर जात नाही, हे आपल्या धर्मग्रामातील अनेकांना सांगावे लागत नाही.

या आठवड्यात कुटुंब-प्रार्थनेच्या वेळी संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील २१ ते २४ ही वचने वाचावीत. 'खून करू नको' ही आज्ञा समजावताना येशू एकदम अपशब्दांवर येतो. त्यातला 'राका' हा अरामी शब्द, म्हणजे रिकाम्या डोक्याचा. आज आपण त्याला शिवीसुद्धा म्हणणार नाही. मग खुनाशेजारी इतका किरकोळ शब्द का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वस्तूचे सार आणि तिचे आगंतुक गुण असा भेद आम्ही पाठ केला होता, परीक्षेपुरता. पाय अधू असणे हा माणसाचा एक आगंतुक गुण. 'लंगड्या' म्हटले की तोच त्याचे सार होऊन बसतो आणि बाकीचा माणूस पुसला जातो.

हे आम्ही इतरांना शिकवीत आलो, पण आमचा स्वतःचा हिशेब बाकी होता. लातूर जिल्ह्यात शाळेत असताना वर्गातला एक मुलगा 'हजर' म्हणताना अडखळत असे. त्याला 'तोतऱ्या' हे नाव आम्हीच दिले. सारा वर्ग हसला म्हणून आम्हाला तेव्हा मोठी फुशारकी वाटली. सहावीनंतर तो शाळेत आला नाही. का, ते आम्ही कधी विचारले नाही. आपल्याविषयी भावाच्या मनात काही आहे असे वेदीजवळ आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असे याच वचनांत येशू सांगतो. रोज वेदीपाशी उभे राहणाऱ्याने हे किती वर्षे नुसतेच वाचायचे?

गेल्या उन्हाळ्यात नांदेडहून लातूरला गेलो तेव्हा गंजगोलाईच्या बाजारात त्याचे दुकान शोधून काढले. चहा झाला. आम्ही माफी मागितली. तो बराच वेळ गल्ल्यातली नाणी लावत राहिला. मग म्हणाला, "फादर, आता बाकी सगळं बोलता येतंय. फोनवर कुणी नाव विचारलं की मात्र अजून अडकतंय."

निघताना आम्ही त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.